चिमटा बसेपर्यंत

कन्हेरीत आमच्या आळीला एक आबा आहेत. त्यांच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली की कातडीखाली घरघर लागते, फिरत्या जात्याला हात लावल्यासारखी. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला तो फिस्टुला. आठवड्यातून दोनदा ते बारामतीला जातात, चार तास यंत्राला बांधून घेतात आणि उन्हं उतरली की मारुतीच्या देवळासमोर येऊन बसतात. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथंच एक ओळखीचा माणूस त्यांच्याशेजारी टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आबा, पैशाची तयारी असंल तर माणूस बघता येतो. कागदाचं समदं ती लोकं करत्यात."

मी शेजारीच होतो. स्थळ बघावं तसं 'माणूस बघता येतो'. ऐकताक्षणी मला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण समोर आबा होते आणि त्यांच्या पायावरची सूज मला रोज दिसत होती. मे महिन्यात पुण्यातल्या किडनी प्रकरणाच्या बातम्या पेपरात आल्या, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला नीट लागला. तेव्हापासून मी त्या वाक्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतची वाट उलटी मोजत आलो आहे.

खाली दिलेले तास कुठल्या एका रुग्णालयाच्या नोंदवहीतले नाहीत. जिवंत माणसाची किडनी काढण्याची जी सर्वसाधारण रीत आहे, तिचे ते आहेत. त्या तासांवर मांडलेल्या घटना मात्र घडलेल्या आहेत. शून्य म्हणजे दात्याच्या किडनीच्या धमनीवर क्लिप बसते तो क्षण. तो सकाळी अकरा वाजता येणार असं धरू. त्याच्या आधीच्या प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी 'थांबा' म्हणता येतं. शून्यानंतर ते कुणालाच म्हणता येत नाही.

शून्याच्या काही वर्षं आधी

मोजणी सुरू होते ती दवाखान्यापासून फार लांब, एखाद्या गोठ्यात.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हकिगत डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचली. नुसत्या शेतीवर भागेना म्हणून त्यानं दुधाचा जोडधंदा करायचं ठरवलं. सावकारांकडून लाखभर रुपये उचलले. गाई मेल्या. व्याजावर व्याज चढत गेलं, आणि त्याच्या तक्रारीनुसार कर्जाचा आकडा ७४ लाखांपर्यंत नेण्यात आला. जमीन विकली, ट्रॅक्टर विकला. विकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, त्याच्या म्हणण्यानुसार, त्याला किडनी विकायला सुचवण्यात आलं. आधी कोलकाता, मग कंबोडिया. हातात आठ लाख पडले. कर्ज तरीही फिटलं नाही.

आपल्याकडे सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा नियम तर आपल्या आज्यापणज्यांनाही ठाऊक होता. एका लाखाचे ७४ लाख होईपर्यंत तो नियम कुणाच्या टेबलावरून एकदाही उठला नाही. पहिलं 'थांबा' सावकारीवर देखरेख ठेवणाऱ्या सहायक निबंधकाच्या कार्यालयातून यायला हवं होतं.

सहा महिने आधी

आता एजंट येतो. तो अनोळखी नसतो. बहुतेक वेळा त्याच वस्तीतला असतो, कधी त्यानं स्वतःच आधी किडनी दिलेली असते. त्याचं वाक्य ठरलेलं असतं: देवानं दोन दिल्यात, एकावर माणूस आरामात जगतो. वाक्य अर्धं खरं आहे. निरोगी माणूस एका किडनीवर जगतो. पण त्यानं दरवर्षी रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन तपासायचं असतं, जपून राहायचं असतं, डॉक्टरचा हात सोडायचा नसतो. दुसरा अर्धा भाग एजंट सांगत नाही, कारण त्याचा खर्च कुणी देणार नसतं.

अकोल्यात डिसेंबर २०१५ मध्ये असंच प्रकरण बाहेर आलं. सावकाराचं कर्ज आणि किडनीचा सौदा एकाच साखळीचे दुवे असल्याचं तपासात सांगितलं गेलं. काही जणांना श्रीलंकेत नेल्याचं समोर आलं. भारतातून एकामागून एक प्रकरणं पुढे आल्यावर जानेवारी २०१६ मध्ये श्रीलंकेनं परदेशी रुग्णांची किडनी प्रत्यारोपणं थांबवली. मात्र एका देशाचं दार लागलं म्हणून हा धंदा बंद पडत नाही. तो दुसऱ्या देशाचं दार शोधतो. रुग्ण एका देशाचा, दाता दुसऱ्या, शस्त्रक्रियेचं टेबल तिसऱ्या देशात. गुन्हा नेमका कुठल्या पोलीस ठाण्याचा, हे ठरेपर्यंत जखम भरून आलेली असते.

याला जगभर 'ट्रान्सप्लांट टुरिझम' म्हणतात. २००८ मध्ये इस्तंबूलला जगभरातले प्रत्यारोपणतज्ज्ञ जमले आणि त्यांनी जाहीरनामा काढून अवयवांची तस्करी आणि खरेदी-विक्री दोन्हींना ठाम विरोध केला. पर्यटन हा शब्द मला इथं सोसत नाही. नागभीडच्या शेतकऱ्यानं कंबोडियात काय पाहिलं असेल? एक खोली, एक छत, आणि कमरेच्या बाजूला टाके.

तीन महिने आधी

कागदांचा काळ सुरू होतो.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो ज्या पहिल्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ मध्ये दुरुस्ती झाली, २०१४ मध्ये नवे नियम आले. अवयवाच्या व्यवहाराला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड. जवळचे नातेवाईक कोण, तेही कायद्यात नोंदलेलं आहे: आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं आणि नवराबायको.

या यादीतलं शेवटचं नातं निराळं आहे. आई आणि मुलाचं रक्त तपासलं की नातं बोलतं. एचएलए चाचणी, डीएनए चाचणी खोटं बोलू देत नाही. नवराबायकोचं रक्त एकमेकांचं नसतं. त्यांचं नातं राहतं ते फक्त कागदावर: लग्नाचा दाखला, लग्नाचा फोटो, कुटुंबाचा फोटो, मुलांच्या जन्मदाखल्यावरची आईवडिलांची नावं. नियमांत या सगळ्या कागदांचा उल्लेख आहे. तपासायला रक्त नाही, म्हणून बनावटीला जागा आहे. महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या प्रकरणांत, पवईला २०१६ मध्ये आणि पुण्यात २०२२ मध्ये, दात्याच्या खुर्चीवर बसवली होती ती खोटी बायकोच.

आधारकार्डावर नाव बदललेलं, पत्ता बदललेला, फोटोवर हळदीकुंकू. खऱ्या बायकोची ओळख दुसऱ्या बाईच्या अंगावर चढवली जाते. तिला नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, लग्नाचं साल, घराचा पत्ता पाठ करवून घेतला जातो. ज्या बाईला एवढं पाठ करावं लागतं तिला कुणी एकटीला समोर बसवून "घरात सकाळी चहा कोण करतं?" एवढं विचारलं, तरी सगळं उघडं पडू शकतं.

एक महिना आधी

प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक. दाता आणि रुग्ण समोर येतात, मुलाखत होते, तिचं चित्रीकरण होतं. नात्याबाहेरचा दाता असेल तर समितीनं त्याची आणि रुग्णाची तीन वर्षांची कमाई बघायची, मधे दलाल आहे का ते तपासायचं, किडनी का द्यायची आहे ते विचारायचं. नियम वाचले तर वाटतं, ज्यांनी ते लिहिले त्यांनी ही सगळी फसवणूक आधीच पाहून ठेवली होती.

पुण्यातल्या प्रकरणात रूबी हॉल क्लिनिकमध्ये होणारं प्रत्यारोपण अदलाबदलीचं होतं. एका कुटुंबात दाता आहे पण त्याचं रक्त रुग्णाशी जुळत नाही, दुसऱ्या कुटुंबातही तीच अडचण. मग पहिल्याचा दाता दुसऱ्या रुग्णाला, दुसऱ्याचा दाता पहिल्याला. २०११ च्या दुरुस्तीनं हे शक्य केलं, आणि ती दुरुस्ती मायेची आहे. एका बाजूला आई आणि लेक होत्या. दुसऱ्या बाजूला एक रुग्ण आणि त्याची बायको म्हणून आणलेली कोल्हापूर जिल्ह्यातली बाई. पंधरा लाख देण्याचं तिला कबूल केल्याचं नंतर उघड झालं. ससून रुग्णालयातल्या विभागीय समितीची मंजुरी मिळाली.

मायेसाठी उघडलेल्या दारातून सौदा आत शिरला. त्यातून नुकसान होतं ते पुढच्या खऱ्या आयांचं आणि खऱ्या बायकांचं. प्रत्येक घोटाळ्यानंतर कागद वाढतात, तारखा लांबतात, आणि जिची किडनी खरोखर नवऱ्यासाठी आहे ती बाई दोन महिने जास्त फेऱ्या मारते.

२४ तास आधी: आदल्या दिवशी सकाळी ११

दाता दाखल होते. मनगटावर नावाचा पट्टा बांधला जातो, आणि खोट्या बायकोच्या बाबतीत त्या पट्ट्यावरचं नाव तिचं नसतं.

शस्त्रक्रियेत काही बिघडलं, रक्त लागलं, ती टेबलावरून उठलीच नाही, तर कुणाला कळवायचं? केसपेपरवर असलेला नवरा तिचा नवरा नाही. तिचं खरं माणूस दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि कदाचित त्याला यातलं काही माहीतही नाही. खोटं नाव लावून टेबलावर झोपलेली बाई मेली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं मरेल. फसवणुकीच्या कलमांमध्ये या भीतीचा उल्लेख कुठे सापडणार नाही.

१६ तास आधी: संध्याकाळी ७

संमतीपत्र. डॉक्टर किंवा समन्वयक धोके सांगतात: भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि क्वचित, अगदी क्वचित, मृत्यू. खाली सही किंवा अंगठा. 'मी ही किडनी स्वेच्छेनं, कुठल्याही मोबदल्याशिवाय देत आहे', अशा अर्थाची ओळ असते.

या सहीजवळ मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. 'ती स्वतःहून तयार होती' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. हात तिचा, सही तिची, जबरदस्ती कुणी केली? पण नागभीडच्या माणसापुढे जमीन, ट्रॅक्टर हे सगळे रस्ते एकेक करून बंद झाले होते. शेवटी एकच उघडा राहिला आणि तो त्यातून गेला. याला स्वेच्छा म्हणायचं, तर घराला आग लागल्यावर खिडकीतून उडी मारणाऱ्यालाही स्वेच्छेनं उतरला म्हणावं लागेल.

या घडीला नर्सनं दार लावून, नातेवाईक म्हणवणाऱ्यांना बाहेर पाठवून, तिच्याच बोलीत विचारायचं असतं: ताई, तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का? आता नको म्हणालात तर बाहेर आम्ही 'तपासणीत जमलं नाही' एवढंच सांगू. चांगल्या केंद्रांत दात्याला ही सोय ठेवतात. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच बहुसंख्य आहेत, तेव्हा ही सोय औपचारिकता ठरता कामा नये. खऱ्या बायकोलाही, खऱ्या बहिणीलाही नाही म्हणायची वाट हवी असते.

११ तास आधी: मध्यरात्र

आता पाणीही नाही. दिवा मंद केलेला. शेजारच्या खोलीत रुग्ण जागा असतो. त्याच्याविषयीही राग धरणं मला जमत नाही. दोन-तीन वर्षं आठवड्यातून दोनदा यंत्राला बांधून घेणारा, पाणी वाटीनं मोजून पिणारा, नोकरी सुटलेला, लेकरांच्या शाळेची फी आणि औषधाचं बिल शेजारी ठेवून बघणारा माणूस. त्याला जगायचं आहे, यात पाप नाही. पण त्याच्या आजारावर औषध म्हणून एक दुसरं माणूस आणलं गेलं आहे, आणि ते त्याला ठाऊक आहे. या रात्री त्यानं एक शब्द उच्चारला तर उद्याचे अकरा वाजणार नाहीत.

५ तास आधी: सकाळी ६

आंघोळ, निळा किंवा हिरवा गाऊन, केसांवर टोपी. नर्स अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगते: बांगड्या, जोडवी, कानातलं. आणि मंगळसूत्र. ज्यांनी ऑपरेशन थिएटरात, ओटीत, जाणारी बाई पाहिली आहे त्यांना ही घटका ठाऊक आहे. बाई क्षणभर हात गळ्याशी नेते, मग ते काढून कागदाच्या पुडीत बांधते आणि घरच्या माणसाच्या मुठीत देते.

खोट्या बायकोनं ते कुणाच्या मुठीत द्यायचं?

३ तास आधी: सकाळी ८

स्ट्रेचर ओटीच्या दारापर्यंत येतं. याच टप्प्यावर एकदा महाराष्ट्रात 'थांबा' म्हटलं गेलं आहे. १४ जुलै २०१६ ला मुंबईच्या पवईतल्या हिरानंदानी रुग्णालयात ठरलेलं प्रत्यारोपण पोलीस आल्यामुळे थांबलं. गुजरातेतल्या रुग्णाची बायको म्हणून दाखवलेली बाई त्याची बायको नव्हती. पोलिसांपर्यंत खबर पोहोचली त्यात, ज्यानं स्वतः आधी किडनी दिली होती अशा एका तरुणाचा वाटा होता. ऑगस्टमध्ये रुग्णालयाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह पाच डॉक्टरांना अटक झाली, पुढे त्यांना जामीन मिळाला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की आम्हाला बनावट कागदांनी फसवलं.

ते म्हणणं खरं असो वा खोटं, पवईनं दाखवलं की दारावर आलेलं स्ट्रेचर परत फिरवता येतं. ते फिरवलं ते कागद तपासणाऱ्यांपैकी कुणी नाही, तर ज्याच्या स्वतःच्या कमरेवर टाके होते त्या माणसाच्या बोलण्यानं.

२ तास आधी: सकाळी ९

भूल चढली. दात्याला कुशीवर वळवतात, बहुधा उजव्या कुशीवर, कारण डावी किडनी काढणं सोयीचं असतं. तिची शीर लांब असते. पोटावर लहान छिद्रं, त्यातून कॅमेरा, समोर पडदा. शेजारच्या ओटीत रुग्णाची तयारी. अदलाबदलीत चार टेबलं एकाच दिवशी, शक्यतो एकाच वेळी, म्हणजे एका बाजूनं किडनी मिळाल्यावर दुसऱ्या बाजूला मागे हटता येत नाही.

हातात उपकरण धरणारा माणूस कोण, यावर पुढचं सगळं ठरतं. अकोल्याकडचा संतोष राऊत हा आयुर्वेदाचा पदवीधर १९९३ मध्ये मुंबईत किडनीच्या धंद्यात पकडला गेला होता. जामिनावर सुटला, नाव बदललं, गाव बदललं. जानेवारी २००८ मध्ये गुडगावच्या घरावर छापा पडला तेव्हा तो अमित कुमार होता. मजुरांना कामाचं आमिष दाखवून किंवा थोडे पैसे देऊन त्यांच्या किडन्या काढायच्या आणि श्रीमंत, कित्येकदा परदेशी रुग्णांना विकायच्या, असा तो कारखाना होता. ७ फेब्रुवारी २००८ ला तो नेपाळात सापडला, २०१३ मध्ये सीबीआय न्यायालयानं त्याला सात वर्षांची सजा दिली, आणि २०१७ मध्ये देहरादूनच्या प्रकरणात तो पुन्हा पकडला गेला. १९९३ च्या त्या पहिल्या अटकेनंतर महाराष्ट्रात कायदा आला, पण तो माणूस राज्याबाहेर पडला आणि पंधरा वर्षं त्याच्या टेबलावर माणसं येत राहिली.

अर्धा तास आधी: साडेदहा

पडद्यावर किडनी मोकळी झालेली दिसते. पिवळसर चरबी बाजूला सारलेली, मूत्रनलिका कापून तयार, रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या एकट्या. अजूनही सगळं तिचं आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी धमनी हलते. या क्षणी शस्त्रक्रिया थांबवली तर पोटावरची छिद्रं भरून येतील; मूत्रनलिका पुन्हा जोडणं अवघड, पण शक्य.

शून्य: सकाळी ११

धमनीवर क्लिप. शिरेवर क्लिप. कात्री.

किडनी फिकी पडते. मोजक्या मिनिटांत ती बाहेर काढतात, थंड द्रावणानं आतलं रक्त धुऊन काढतात, बर्फावर ठेवतात. मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा अवयव. शेजारच्या ओटीत तो दुसऱ्याच्या ओटीपोटात बसवला जातो. रक्त सोडलं की क्षणात गुलाबी होतो, कधी कधी टेबलावरच लघवीचे थेंब येतात. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर सांगतात, तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी अंगावर काटा येतो. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. हा चमत्कार खराच आहे. म्हणून तर त्याच्या पायाशी असलेलं खोटं इतकं असह्य होतं.

शून्यानंतर पाच दिवस

पुण्यातली शस्त्रक्रिया झाली २४ मार्च २०२२ ला. २९ मार्चला त्या बाईनं सांगितलं की मी यांची बायको नाही. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून ती बोलली. समितीला जे कळलं नाही, मुलाखतीत जे कळलं नाही, केसपेपरवरून जे कळलं नाही, ते एका अर्धवट राहिलेल्या देण्यानं बाहेर काढलं. पैसे वेळेवर पोहोचले असते तर आपल्याला काहीच कळलं नसतं, याचा विचार केला की अशा किती बायका गप्प घरी गेल्या असतील, हा प्रश्न मागं लागतो.

मे महिन्यात कोरेगाव पार्क पोलीस ठाण्यात पंधरा जणांवर गुन्हा नोंदला गेला. त्यांत रुग्णालयाचे व्यवस्थापकीय विश्वस्त आणि डॉक्टर होते, एजंट होते, आणि ती बाईही होती. रुग्णालयाची भूमिका अशी की कागद बनावट होते आणि मंजुरी समितीनं दिली होती. ससूनचे तत्कालीन अधीक्षक डॉ. अजय तावरे यांना एप्रिलमध्येच पदावरून दूर केलं गेलं होतं. मे २०२५ मध्ये याच प्रकरणात त्यांना अटक झाली. कोण दोषी, ते न्यायालय ठरवेल. पण प्रत्येकानं आपल्या आधीच्या माणसाच्या कागदावर विश्वास ठेवला, आणि त्या कागदांच्या चळतीखाली जिवंत बाई दिसेनाशी झाली, एवढं सांगायला निकालाची गरज नाही. दात्यालाच आरोपी करणारा कायदाही मला खटकतो. भीतीपोटी असे दाते गप्प बसतात, आणि दलालाला हवं असतं तेच घडतं.

शून्यानंतर सहा वर्षं

२००२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात चेन्नईच्या ३०५ किडनी विकणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी विकून सरासरी सहा वर्षं झाली होती. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती, तरी चारांतले जवळजवळ तीन जण अजून कर्जातच होते. कुटुंबाची कमाई सरासरी एक तृतीयांशानं घटली होती. तब्येत खालावल्याचं ८६ टक्क्यांनी सांगितलं. तुमच्यासारख्या दुसऱ्याला हा सल्ला द्याल का, यावर ७९ टक्के नाही म्हणाले.

बाजार कायदेशीर करा, दर ठरवा, म्हणजे फसवणूक थांबेल, असं काही विद्वान प्रामाणिकपणे मांडतात. इराणनं १९८८ पासून सरकारच्या देखरेखीखाली मोबदल्याची पद्धत चालवली आहे. तिथंही देणारे बहुतेक गरीबच आहेत. पैसे पूर्ण आणि वेळेवर दिले, तरी किडनी सावकाराच्या दारातून श्रीमंताच्या अंगात जाते आणि उलट कधीच येत नाही. ज्या व्यवहाराची दिशा कधी बदलत नाही त्याला मी व्यापार म्हणायला तयार नाही.

उत्तर दुसरीकडे आहे. २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते फक्त १,०९९. एवढ्या मोठ्या देशात, जिथं रस्त्यावरच्या अपघातांत रोज माणसं मेंदूमृत होतात. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या अपघाताची बातमी आमच्याकडे महिन्याला येते. त्या प्रत्येक घरात शोकाच्या पहिल्या तासात कुणी तरी हळुवार विचारलं आणि कुटुंब हो म्हणालं, तर मारुतीच्या देवळासमोर 'माणूस बघता येतो' म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही. आबांचं नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत आहे. ते वाट बघत आहेत, माणसाची नाही, कुणाच्या तरी मोठ्या मनाची.

त्या उन्हाळ्यात मी पेपरातली बातमी त्यांना वाचून दाखवली. पंधरा आरोपी, कलमं, समिती, चौकशी, सगळं. आबांनी डोळे मिटून ऐकलं. डावा हात मांडीवर होता, घरघर चालू होती. मी पेपराची घडी घातली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,

"त्या बाईचं कसं हाय आता?"

मी पेपर पुन्हा उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. ते कुठंच नव्हतं.